जखमेत किडे पडतात तेव्हा : पशुपालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की दिवसाआड कुणाचा तरी फोन येतो, "डॉक्टर, जखमेत किडे पडलेत, लवकर या." गोठ्यात गेलं की विचारणा त्याच असतात आणि चुकाही बहुतेक त्याच. गेली कित्येक वर्षं गोठ्यात उभं राहून दिलेली उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. जनावराला या दुखण्यात होणारा त्रास फार मोठा असतो, आणि वेळेवर बघितलं तर तो जवळजवळ पूर्ण टाळता येतो. म्हणून हा खटाटोप.

जखमेतल्या या अळ्या नेमक्या कशाच्या?

माशीच्याच. पण घरात ताटावर बसते ती ही माशी नव्हे. आपल्याकडे जिवंत जनावराच्या मांसात शिरणाऱ्या अळ्या बहुतेक वेळा क्रायसोमाया बेझियाना या माशीच्या असतात. ही माशी चमकदार हिरवट-निळी असते आणि घरमाशीपेक्षा थोडी थोराड दिसते. आफ्रिका, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियापासून पापुआ न्यू गिनीपर्यंत ती आढळते. इंग्रजीत तिला स्क्रूवर्म म्हणतात, कारण अळीच्या अंगावर काट्यांची वलयं असतात आणि ती स्क्रूसारखी मांसात घुसलेली दिसते. आपल्याकडे कुणी किडे म्हणतं, कुणी अळ्या, तर काही भागांत आसडी पडली असं म्हणतात.

या माशीची एक गोष्ट लक्षात ठेवा. मेलेल्या, सडलेल्या मांसावर तिचं भागत नाही. तिच्या अळीला जिवंत प्राणी लागतो.

सडक्या जखमेतल्या साध्या अळ्या आणि या अळ्या यांत फरक कसा ओळखायचा?

साध्या अळ्या वरवर वळवळतात, जखमेच्या पृष्ठभागावरून इकडून तिकडे सरकतात. ही अळी तोंड खाली आणि शेपूट वर अशी उभी रुतलेली असते. श्वासाची छिद्रं शेपटाकडे असल्यामुळे तेवढंच टोक वर राहतं.

बॅटरी लावून जखमेत नीट पाहा. आधी नुसतं लालसर, ओलं मांस दिसेल. पापणी न लववता थोडा वेळ बघत राहिलात की त्या मांसात दाटीवाटीने बसलेले पांढुरके ठिपके दिसू लागतात, प्रत्येकात दोन बारीक काळपट टिंबं, आणि सगळं मिळून श्वास घेतल्यासारखं हलकेच वर-खाली होतं. बोट जवळ नेलं की ते ठिपके एकदम आत ओढले जातात. एकदा हे पाहिलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. वासही वेगळा असतो, कुजका पण किंचित गोडसर. माझ्या अनुभवात गोठ्याच्या दारातच तो वास आला की जखम दिसायच्या आधी अंदाज येतो.

आमच्या गाईला जखमच नव्हती. मग अळ्या आल्या कुठून?

जखम होती, पण तुम्हाला ती जखम वाटली नाही. गोचीड उपटल्यावर राहिलेला टिचभर व्रणसुद्धा या माशीला पुरतो. काटेरी तारेचा ओरखडा, कुत्र्याचा चावा, टॅग मारलेला कान, वेसण काचून सोललेली नाकपुडी, खच्चीकरणाची जखम, शिंग मोडलेली जागा, शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाचं शिंगमूळ, व्यायलेल्या गाईचा निरण (योनीमुख), नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ, या सगळ्या तिच्या हक्काच्या जागा. शेळ्या-मेंढ्यांत लोकर कातरताना लागलेली कात्री.

वरचं भोक बोटभर असतं आणि आत कातडीखाली वाटीएवढी पोकळी झालेली असते. बाहेरून लहान दिसतं म्हणून माणूस फसतो. आधीच्या अळ्यांच्या वासाने आणखी माश्या येतात, अंड्यांचे नवे थर बसतात, आणि एकाच जखमेत लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या अळ्या सापडतात.

अंडी घातल्यापासून अळ्या दिसेपर्यंत किती वेळ जातो?

फार थोडा. मादी जखमेच्या कोरड्या कडेला साधारण दीडशे-दोनशे अंडी एका गठ्ठ्यात चिकटवते. पांढरी, तांदळाच्या कण्यांसारखी, एकमेकींना घट्ट चिकटलेली. बारा ते चोवीस तासांत ती फुटतात. संध्याकाळी अंडी घातली असतील तर दुसऱ्या दिवशी धार काढताना अळ्या आत शिरलेल्या असतात. पुढचे सहा-सात दिवस त्या मांस खात आत जातात, पूर्ण वाढलेली अळी दीड सेंटिमीटरहून लांब होते, आणि मग ती आपणहून जखमेतून बाहेर पडून जमिनीवर गळते. मातीत थोडं आत जाऊन तिचा तपकिरी कोष होतो. उबदार हवेत आठवडाभरात कोषातून माशी निघते. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत सगळा फेरा साधारण तीन आठवड्यांचा.

म्हणून जखम रोज बघा असं सांगतो. आठवड्याने बघू म्हणाल तर अळीचं जेवण उरकून ती निघूनही गेलेली असते.

वासराच्या नाळेत अळ्या पडल्या आहेत. गंभीर आहे का?

हो, या यादीतला सगळ्यात गंभीर प्रकार मी हाच मानतो. नाळेतून पोटाच्या आत जाण्याचा रस्ता असतो, आणि वासराच्या अंगात झुंजायला ताकद नसते. वासरू गाईला प्यायचं थांबतं, पाठीची कमान करून उभं राहतं, नाळेजवळ ओलसरपणा आणि वास येतो. अशा वेळी घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

टाळणं मात्र अगदी सोपं आहे. वासरू जन्मल्यावर नाळ स्वच्छ दोऱ्याने पोटापासून दोन-तीन बोटं अंतरावर बांधा, खाली निर्जंतुक ब्लेडने कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसता कापसाचा बोळा फिरवू नका, लहान बाटलीत आयोडीन घेऊन टोक त्यात पूर्ण बुडलं पाहिजे. नाळ वाळेपर्यंत रोज हेच करा. आयोडीनची बाटली काही फार महाग नाही, आणि तिच्यामुळे वाचलेली वासरं मी पाहिली आहेत.

लाळ्या खुरकूत झाल्यावर खुरात किडे पडतात, ते हेच का?

बहुतेक वेळा हेच. लाळ्या खुरकुतीत खुरांच्या बेचक्यात फोड फुटून जखमा होतात, जनावर चिखलात उभं असतं आणि खुराच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. जनावर पाय झटकायला लागलं, पाय उचलून धरायला लागलं की पाय बांधून बेचकं उघडून बघा. २०२२ मध्ये लंपी या गुरांच्या त्वचारोगाची साथ आली तेव्हाही हेच झालं. अंगावरच्या गाठी फुटून खोल व्रण पडले आणि त्यांत अळ्या पडल्या. लंपीतून वाचलेली काही जनावरं या जखमांनी हैराण झाली. दोन्ही रोगांना लस आहे, आणि ती वेळेवर टोचून घेतली तर या जखमा बहुतेक टळतात.

फिनेल, पेट्रोल किंवा रॉकेल ओतलं तर अळ्या मरतात ना?

काही मरतात. उरलेल्या आणखी आत जातात. शिवाय जिवंत मांस भाजून निघतं, आणि जखम भरायला लागणारे नवे अंकुरच जळतात. जनावर ती जागा चाटतं, म्हणजे विष पोटात जातं. फिनेलने भाजलेल्या कातडीच्या चिंध्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तिथे अळ्यांपेक्षा उपायाने केलेलं नुकसान मोठं होतं. कीटकनाशकाची फवारणीची बाटली आणून जखमेत ओतणारेही भेटतात. कृपा करून हे करू नका. गाय बोलत नाही, पण तिला आग होते.

मग योग्य उपचार कसा असतो?

जनावर नीट बांधून घ्यायचं, गरज असेल तर डॉक्टर गुंगीचं औषध देतात. जखमेच्या भोवतालचे केस कापायचे, कारण अंडी केसांना चिकटलेली असतात. मग टर्पेंटाईन तेलात भिजवलेली गॉजची पट्टी भोकात सारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. आत हवा मिळेना की अळ्या वर येतात. पट्टी काढून चिमट्याने एकेक अळी ओढायची. ओढताना ती तुटू द्यायची नाही, कारण आत राहिलेला तुकडा सडतो. डोळ्याजवळ, तोंडात आणि निरणाच्या आत टर्पेंटाईन वापरायचं नाही. तिथे काय वापरायचं ते डॉक्टरांवर सोडा. मांजराला तर टर्पेंटाईन आणि फिनेल दोन्ही लावायचं नाही.

अळ्या निघाल्यावर पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणाने किंवा सलाईनने जखम धुवायची, मेलेलं मांस काढायचं, आणि माशी बसू न देणारं मलम आत-बाहेर भरायचं. ताप असेल, जखम खोल असेल तर प्रतिजैविक आणि वेदनाशामक लागतं.

आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. हे सांगताना माझीच एक चूक आठवते. नोकरीची पहिली वर्षं होती. एका म्हशीच्या कानामागून चाळीसेक अळ्या काढल्या, मलम भरलं, वर पट्टी बांधली आणि "आता काळजी नको" म्हणून निघून आलो. तिसऱ्या दिवशी मालक बोलवायला आला. पट्टीच्या आत उरलेल्या बारीक अळ्या वाढल्या होत्या आणि कानाच्या मुळाशी आरपार भोक पडलं होतं. म्हैस वाचली, पण तो कान कायमचा लोंबला. पहिल्या दिवशी मोठ्या अळ्या निघतात. बारीक, नुकत्या फुटलेल्या अळ्या डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हापासून सलग तीन दिवस जखम उघडून पाहिल्याशिवाय मी कुणालाही काळजी नको असं म्हणत नाही.

काढलेल्या अळ्या कुठे टाकायच्या?

हा प्रश्न मला फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. चिमट्याने काढलेली अळी लोक तिथेच गोठ्यात टाकतात, फार तर शेणात. पूर्ण वाढलेल्या अळीला नेमकं तेच हवं असतं! ती जनावराच्या अंगावरून खाली पडून मातीत जायलाच निघालेली असते. आपण तिचं काम सोपं करतो.

शंभर अळ्या जमिनीवर गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच मेल्या तरी उरलेल्या माद्यांची प्रत्येकी दीडशे अंडी धरा. पंधरवड्यानंतर शेजारच्या गोठ्यातल्या वासराच्या नाळेवर बसणारी माशी आपल्याच म्हशीच्या जखमेतली असू शकते. म्हणून उपचार करताना शेजारी एक डबा ठेवा, त्यात रॉकेल किंवा उकळतं पाणी. काढलेली प्रत्येक अळी त्यात गेली पाहिजे. जनावराखाली पोतं किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरा, खाली पडलेल्याही वेचा. शेवटी सगळं जाळून टाका. जनावराला वास येणाऱ्या जखमेसह मोकळं चरायला सोडलं तर अळ्या शिवारभर गळतात. बरं होईपर्यंत त्याला बांधून ठेवा.

सीताफळाचा पाला चालतो का? आजोबा तोच लावायचे.

आजोबा बरोबर होते. सीताफळाच्या पाल्यात कीटकांना मारणारी द्रव्यं आहेत. ताजा पाला वाटून त्याचा लगदा जखमेत भरला की अळ्या अस्वस्थ होऊन बाहेर येतात. खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याची पद्धतही उपयोगाची आहे. डॉक्टर पोहोचेपर्यंत हे जरूर करा. फक्त सीताफळाच्या बियांची पूड वापरू नका, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. आणि पाला लावला म्हणजे काम संपलं असं समजू नका. अळ्या हाताने काढाव्याच लागतात. करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल जखमेभोवती लावलं तर माश्या कमी बसतात.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की भागेल का?

मदत होते, पण खोल जखमेत नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नये. मेलेल्या अळ्या आत राहिल्या तर त्याही सडतात. दुसरं म्हणजे दुभत्या जनावराला, ज्याचं दूध माणसं पिणार आहेत, हे औषध मनाने द्यायचं नाही. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं. दुकानातून आणून स्वतः टोचू नका.

पंजाबातून आणलेल्या गाईच्या पाठीवर गाठी आल्या आहेत, प्रत्येक गाठीला भोक आहे. हेही तेच का?

नाही. ही दुसरीच माशी आणि तिची गोष्ट विलक्षण आहे. वॉर्बल माशी, शास्त्रीय नाव हायपोडर्मा लिनिएटम. भारतात ती पंजाब, हरियाणा, राजस्थान, हिमाचल, जम्मू या पट्ट्यात आढळते. आपल्याकडे दिसली तर ती बहुधा तिकडून विकत आणलेल्या जनावराच्या अंगातून आलेली असते.

या माशीला खाण्याजोगं तोंडच नसतं. ती चावत नाही, डसत नाही, तरी तिचा आवाज आला की गुरं शेपट्या वर करून उधळतात. ती पायाच्या केसांवर ओळीने अंडी चिकटवते. अळी कातडीतून आत शिरते आणि कित्येक महिने शरीरातून प्रवास करत अन्ननलिकेच्या भिंतीपर्यंत पोहोचते. तिथून ती पाठीच्या कातडीखाली येते, श्वासासाठी कातडीला भोक पाडते आणि लिंबाएवढी गाठ करून बसते. हिवाळ्यात पाठीवरून हात फिरवला की या गाठी हाताला लागतात. पूर्ण वाढलेली अळी भोकातून बाहेर पडते आणि मातीत कोष करते. ज्या जागी भोकं पडली तिथलं कातडं कामाचं राहत नाही, म्हणून चामड्याच्या व्यापाराचंही यात मोठं नुकसान होतं.

या गाठी दाबून फोडू नका. अळी आत फुटली तर जनावराला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. औषधही वेळ बघून द्यावं लागतं. अळ्या अन्ननलिकेच्या भिंतीत असताना एकदम मारल्या तर तिथे सूज येऊन जनावराचं पोट फुगतं. तिची युरोपातली बहीण, हायपोडर्मा बोव्हिस, पाठीच्या कण्याच्या नळीत मुक्काम करते. तिथे चुकीच्या वेळी औषध दिलं तर मागचे पाय लुळे पडू शकतात. राजस्थानातून आणलेल्या सिरोही शेळ्यांच्या पाठीवर अशाच पण लहान गाठी असतील तर ती शेळ्यांची वॉर्बल माशी, प्रझेवाल्स्कियाना सायलेनस. बाहेरून जनावर घेताना पाठ चाचपून बघायची सवय लावा.

मेंढ्या नाक जमिनीत खुपसून गोल करून उभ्या राहतात. का?

त्या नाक वाचवत असतात. ऑस्ट्रस ओव्हिस ही माशी अंडी न घालता उडता उडता थेट जिवंत अळ्याच मेंढीच्या नाकपुडीवर फवारते. अळ्या नाकात, कपाळाच्या पोकळीत वाढतात. मेंढी शिंकते, नाक घट्ट शेंबडाने भरतं, चरणं कमी होतं. यावर चांगली औषधं आहेत, कळपाला एकदम द्यावी लागतात. मेंढपाळांच्या डोळ्यातही या माशीच्या अळ्या कधी कधी जातात. डोळ्यात अचानक काहीतरी वळवळल्यासारखं वाटून पाणी येऊ लागलं तर चोळू नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

माणसाला हे होतं का?

होतं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, मधुमेहाने पाय बधिर झालेले, कुष्ठरोगाच्या जखमा असलेले, नाकाच्या जुनाट दुखण्याने ज्यांना वास येत नाही असे रुग्ण, यांना विशेष धोका. नाकात, कानात, पायाच्या जखमेत जनावरांच्या जखमेत बसणारी ती स्क्रूवर्मचीच माशी अंडी घालते. जनावराच्या अळ्या हाताला लागल्या म्हणून माणसाला लागण होत नाही, माशीने अंडी घालावी लागतात. घरी अंथरुणावर कुणी असेल तर मच्छरदाणी दिवसाही लावा आणि जखम झाकलेली ठेवा. अशा रुग्णाला घरच्यांनी लाजेने लपवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. यात लाजण्यासारखं काहीही नाही, लगेच दवाखान्यात न्या.

आफ्रिकेत राहणाऱ्यांसाठी एक सूचना. सहाराच्या दक्षिणेला टुम्बू माशी दोरीवर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. तिकडे आतले कपडेही दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करूनच घालतात. मेक्सिको ते अर्जेंटिना या भागात डर्माटोबिया होमिनिस नावाची माशी डास पकडून त्याच्या पोटाला आपली अंडी चिकटवते, आणि डास चावायला बसला की अळी उतरते. तिकडून आल्यावर न भरणारी, मधे छिद्र असलेली गाठ असेल तर डॉक्टरांना प्रवासाचं सांगा.

ही स्क्रूवर्म माशी कायमची संपवता येत नाही का?

अमेरिकेने तिच्या चुलत बहिणीबाबत, म्हणजे अमेरिका खंडातल्या स्क्रूवर्मबाबत, हे करून दाखवलं. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी हेरलं की मादी आयुष्यात साधारण एकदाच नराशी जुगते. कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, कोषात असतानाच किरणोत्साराने त्यांना वांझ करायचं आणि विमानातून सोडायचं. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे अमेरिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिका पनामापर्यंत मुक्त झाली. १९८८ मध्ये ही अमेरिकेतली माशी लिबियात पोहोचली तेव्हा मेक्सिकोतून वांझ माश्या नेऊन तिथूनही तिला हटवलं. निपलिंग आणि बुशलँड यांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण २०२३ पासून ती पनामाची फळी ओलांडून पुन्हा उत्तरेला सरकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत सापडली. गुरांच्या वाहतुकीबरोबर अळ्याही प्रवास करतात.

आपल्याकडे असा कारखाना नाही. आपल्याकडे आहे तो गोठ्यातला माणूस आणि रॉकेलचा डबा.

अळ्यांनी जखमा बऱ्या करतात असं वाचलं. मग राहू द्यायच्या का?

ते उपचार वेगळ्या माशीच्या, निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या अळ्यांनी करतात. त्या फक्त मेलेलं मांस खातात. गोठ्यातली अळी जिवंत मांस खाते. राहू द्यायची नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला अशी जखम आहे. काय करू?

वेदनेमुळे ते चावू शकतं, म्हणून एकट्याने पकडू नका आणि लांबून फिनेल तर मुळीच फेकू नका. जवळच्या प्राणिमित्र संस्थेला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कुत्र्यांत डोक्यावर, कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी अशा जखमा जास्त दिसतात, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही.

रोज बघायचं तर नेमकं काय आणि कधी?

सकाळी धारेच्या वेळी, दोन मिनिटं. कान, शिंगमूळ, वेसणीची जागा, खांदा, कासेच्या वरची घडी, शेपटीखाली, खुरांची बेचकी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाचा खांदा तूप-हळदीने मायेने चोळतो, तेव्हा जू घासून सोललेली बारीकशी जागाही बोटाला कळते. तोच हात रोज फिरवा, गाईवर, शेळीवर, वासरावर. एखादं जनावर सारखं एकाच जागी मान वळवत असेल, शेपटी आपटत असेल, कळपापासून बाजूला उभं राहत असेल किंवा एकाच ठिकाणी माश्या घोंघावत असतील तर त्या जागेचे केस बाजूला करून पाहा. पांढऱ्या कण्यांचा गठ्ठा दिसला तर ब्लेडने खरवडून रॉकेलच्या डब्यात टाका. अंडी फुटायच्या आधी एवढं झालं तर पुढचं काहीच करावं लागत नाही. खच्चीकरण, शिंगं काढणं, टॅग मारणं ही कामं शक्यतो थंडीत उरका.

डॉक्टरला कधी बोलवायचं?

नाळ, डोळा, कान, नाक, निरण किंवा कास यांपैकी कुठेही अळ्या असतील तर लगेच. भोक लहान पण भोवती सूज मोठी असेल तर लगेच. जनावराने वैरण सोडली असेल, अंग तापलं असेल, तरीही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना जनावर कोणतं, जखम कुठे आणि किती दिवसांची एवढं सांगा, आणि पथक येईपर्यंत जनावर सावलीत, कोरड्या जागी, पोत्यावर बांधून ठेवा.